वीतभर लोड

मंगळवार, ३ मार्च

धाकट्या,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. लागू पडेल तेवढा घे.

तुझा फोन बंद, म्हणून हा कागद. पत्ता कुठून मिळवला ते विचारू नकोस. ट्रकवाले आपल्या शेडमध्ये चहाला टेकले की त्यांना वाटतं मालक कामात आहे. मालकाचे कान त्यांच्या बशीत असतात. एकजण दुसऱ्याला सांगत होता, बंदराजवळच्या यार्डात दाढी वाढवलेला एक माणूस दिसला, नाक थेट आपल्या शेठचं. या नाकानं लहानपणी माझ्या वाटचा मार तुला खायला लावला, आता तुझा पत्ता दिला.

तुझी बारकी बरी आहे. उंची वाढलीय, बोलणं कमी झालंय. तिची आई गेली तेव्हा मांडीत मावत होती. आता तुझ्या वहिनीच्या खांद्याला लागते. तुझ्याबद्दल विचारत नाही. विचारलं असतं तर चार थापा मारल्या असत्या. न विचारणाऱ्या पोरीला काय सांगायचं?

सध्या तिच्या शाळेत एक खूळ निघालंय. इंग्रजीच्या बाईंनी प्रत्येकाला रोजच्या बोलण्यातला एकेक इंग्रजी शब्द वाटलाय. त्याचे सगळे अर्थ जमवायचे, मराठीत त्याला काय काय म्हणतात ते माणसांना विचारायचं आणि प्रत्येकाचं वाक्य करायचं. बारकीच्या वाट्याला आला 'लोड'. अवजड यंत्रं उचलून पोट भरणाऱ्याच्या घरात हा शब्द विचारणं म्हणजे माशाला पाणी विचारणं. मी म्हटलं, लिही, लोड म्हणजे वजन. तर म्हणते, "काका, वजन चिमटीभर मिठालाही असतं. त्याला लोड म्हणाल का?" आतून तुझी वहिनी बोलली, लोड म्हणजे गादीवर टेकायचा, तुझ्या काकांना दुसरा कुठला माहीत असणार! मोटर बघायला वायरमन आला होता, तो म्हणाला, तारेला झेपेल त्याहून जास्त मागायचं म्हणजे लोड. आणि आपला ड्रायव्हर जाता जाता, "बारके, लोड घेऊ नको." तेही तिनं लिहून घेतलं.

क्रेन शेडमध्ये उभी आहे. चौकशी संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही असा हुकूम आहे. छापखान्यात ते यंत्र उचलताना आपल्या टोळीतल्या हसऱ्यावर आलं, तो गेला, त्याचा दोष कोणाचा हे ठरायचंय. सध्या बोट मुकादमांकडे आहे, कारण यंत्राला पट्टा त्यांनी बांधला होता. क्रेनवर तू होतास. पण तू इथे नाहीस, आणि जो नसतो त्याच्याविषयी लोक वाईट बोलत नाहीत. मेलेल्या माणसाचं हे सुख तुला जिवंतपणी मिळालंय.

दादा

रविवार, १५ मार्च

धाकट्या,

पत्र परत आलं नाही. म्हणजे ते कोणीतरी घेतलं. तो कोणीतरी तूच आहेस असं धरून लिहितो.

मुकादमांकडे गेलो होतो, बारकीला घेऊन. तिला त्यांचा अर्थ हवा होता. दार अर्धं लावलेलं. हसऱ्याची बायको मधे एकदा त्यांच्या उंबऱ्याशी येऊन बसली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत राहिली, या घरात माझ्या नवऱ्याला मारणारा राहतो. मुकादम आत बसून ऐकत होते. शेजारच्यांनी तिला उठवली, पण ते दार काही पूर्ण उघडलं नाही. कामाला त्यांना कोणी बोलावत नाही. ज्या माणसानं तुला-मला गाठ मारायला शिकवलं, त्याला आता बाजारात पिशवीला गाठ मारतानासुद्धा लोक बघतात, असं ते स्वतःच हसून म्हणाले. हसणं ओठांपर्यंतच होतं.

बारकीशी मात्र ते पहिल्यासारखे बोलले. म्हणाले, हमालाला विचार, तो ओझं म्हणेल. ओझं डोक्यावर घेतात आणि मुक्काम आला की उतरवतात. खांबाला विचार, तो भार म्हणेल, कारण त्याला उतरवायची सोयच नाही. बोजा दुसऱ्यानं आपल्यावर टाकलेला असतो. आणि माझ्यासारखा रिकामा बसलेला म्हातारा म्हणजे खायला काळ, भुईला भार. बारकीला हे वाक्य फार आवडलं. मला नाही आवडलं.

मग तिनं विचारलं, दुसऱ्याचं ओझं आपण घेतलं तर त्याला काय म्हणायचं? मुकादमांनी माझ्याकडे बघितलं. सुपारी कातरता कातरता हात थांबला त्यांचा. म्हणाले, "लोडच म्हणायचं, बाळ. शब्द बदलत नाही, खांदा बदलतो."

निघताना मी त्यांना बाजूला घेऊन सरळ विचारलं की तुम्ही चौकशीच्या साहेबांपुढे एवढंच का सांगता, की पट्टा मी बांधला? पुढचं का सांगत नाही? ते म्हणाले, पट्टा मीच बांधला होता, खोटं काय त्यात? मी म्हटलं, पट्टा कोणाचाही सरकतो, म्हणूनच तर आपण वीतभर उचलून थांबतो. त्यांनी दाराकडे मान केली. दारात बारकी चपला घालत होती. "तिला कुठल्या घरात ठेवशील मग?" एवढंच बोलले.

तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण लिहिलं की खरं काय ते कळतं. लोड जमिनीपासून वीतभर उचलायचा. इंजिनचा आवाज खाली आणायचा. कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. सगळ्यांनी ऐकायचं. पट्टा नुसता कुरकुरला तर ताण बसतोय. टिचला तर खाली घ्यायचं, कडेला पोतं सरकवायचं, पुन्हा उचलायचं. मुकादमांनी हात दाखवला की क्रेनवाल्यानं एकदा भोंगा द्यायचा आणि मगच वर न्यायचं. ही आपली रीत. दुसऱ्या टोळ्या आपल्याला हसतात, म्हणतात, यांच्याकडे यंत्राची पूजा चाललीय. हसू देत. मुकादमांच्या हाताखाली आजवर एकाचं बोटही चेंगरलं नव्हतं.

दादा

गुरुवार, २६ मार्च

धाकट्या,

शेडमधल्या जुन्या फोनवर कोणीतरी रिंग देतं आणि बोलत नाही. दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. आधी वाटलं चुकीचा नंबर. मग वाटलं हसऱ्याच्या माणसांपैकी कोणी. काल मी ठेवला नाही. कानाला लावून बसलो.

तुला माहीत आहे माझे कान कसे आहेत. मी हमाल होतो तेव्हा मालक जिना चढताना त्याच्या चपलेवरून मला कळायचं, आज शिव्या की चहा. धंदा मी अकलेवर कमी आणि कानांवर जास्त उभा केलाय.

तर ऐकलं. मागे क्रेन होती. इंजिन चढलं, आणि लगेच खाली आलं. मग सगळं शांत. यार्डात एवढी शांतता कोणी फुकट पाळत नाही. एक माणूस बोलला नाही. आणि मग एकच भोंगा.

ही रीत जगात दुसरीकडे असेल तर असो, मला ती माहीत नाही. ती तू तिथे शिकवलीस. फोन एका हातात धरून दुसऱ्या हातानं तूच खूण केली असशील. मी म्हटलं, "धाकट्या." तू फोन ठेवलास.

रागावलो नाही. आधी तर आनंदच झाला, जिवंत आहे, कामावर आहे. वहिनीला सांगितलं, तिनं डोळे पुसले आणि लगेच भांडी घासायला घेतली. मग पाठ टेकली आणि दुसरा विचार आला. तू आता वीतभर थांबतोस. म्हणजे त्या दिवशी काय राहिलं ते तुला कळलेलं आहे. नेमकं कळलंय.

मलाही कळलं होतं, आणि तेव्हाच. मी छापखान्याच्या ऑफिसात गेटपासवर सही घ्यायला उभा होतो. मधे भिंत. डोळ्यांनी काही पाहिलं नाही. पण इंजिन चढलं ते चढतच गेलं. मी हातातला पेन तसाच धरला आणि वाट बघत राहिलो, आता उतरेल, आता उतरेल. भोंगा नाही. मग मुकादम ओरडले, आणि मुकादम कधी ओरडत नाहीत. त्यांनी मूठ दाखवली होती, थांब म्हणून. तू बघितलंच नाहीस. पट्टा यंत्राच्या धारेवर कापला गेला. हसऱ्या दोर धरून भिंतीच्या बाजूला होता. नेहमीसारखा हसतच उभा असेल, त्याचा चेहराच तसा होता.

घाई कशाची होती, तेही मला माहीत आहे. सकाळी चहा पिताना तू सांगितलंस, दुपारी बारकीचा शाळेत कार्यक्रम आहे, दरवेळी मी पोचेपर्यंत पडदा पडलेला असतो, आज काही झालं तरी पहिल्या रांगेत बसणार. नवा शर्ट पिशवीत घालून आणला होतास. तो अजून क्रेनच्या केबिनमध्ये लटकतोय. कोणी काढला नाही.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. पोरीला एकदा का हे कळलं, की बापानं माझ्यासाठी घाई केली आणि माणूस मेला, तर ती आयुष्यभर ते यंत्र पाठीवर घेऊन चालेल. तिचा कार्यक्रम होता हे कागदावर येता कामा नये. पण तू थांबला नाहीस, हे यायला हवं. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय, आणि संन्यासी मान पुढे करून बसलाय.

चोर हा शब्द मागे घेत नाही. म्हणीत दुसरा नाही.

दादा

शनिवार, ४ एप्रिल

धाकट्या,

मंगळवारी साहेब शेवटचं विचारणार आहेत. त्यानंतर कागद वर जाईल आणि मुकादमांवर खटला होईल. दोन्ही मदतनिसांना विचारून झालं. दोघं म्हणतात, आमचं लक्ष दोराकडे होतं, बाकी दादा सांगतील ते खरं. माझी भाकरी खातात बिचारे, त्यांना दोष कसा देऊ? सगळी टोळी माझ्या तोंडाकडे बघतेय. साहेबही बघतील. एवढे दिवस मला वाटत होतं की मी गप्प आहे म्हणजे कोणाच्याच बाजूनं नाही. तसं नसतं. माझ्या गप्प बसण्याचा पट्टा मुकादमांच्या गळ्यात आहे.

तू ये. तू स्वतः सांगितलंस तर ती कबुली होईल. मी सांगितलं तर ती चुगली. शिक्षा कदाचित तेवढीच. पण बारकीला सांगताना फरक पडतो. तुझा बाप आला आणि बोलला, हे मी तिला सांगू शकतो. तुझ्या बापाला मी पकडून दिलं, हे सांगून त्याच ताटात तिला कसं वाढू? ती काही बोलणार नाही, ती बोलत नाहीच. एक दिवस पिशवी भरून तिच्या मावशीकडे जाईल आणि मला वाटेल, शाळेत गेलीय.

वहिनीचं म्हणणं तुला कळावं म्हणून लिहितो. ती म्हणाली, भाऊजींना मी जेवू घातलंय, त्यांच्याविरुद्ध तुम्ही बोललात तर मला रडू येईल. नाही बोललात तर हसऱ्याच्या बायकोपुढे मला उभं राहता येणार नाही. आता तुम्हीच ठरवा मला कुठे उभी करायची.

सोमवारी रात्रीच्या गाडीला मी स्टेशनवर येईन. तू उतरलास तर काही विचारणार नाही. शिवी तर अजिबात देणार नाही. शर्ट धुऊन ठेवायला सांगतो.

दादा

बुधवार, ८ एप्रिल

धाकट्या,

गाडी आली, रिकामी झाली, पुढे गेली.

काल बोललो. छापखान्याच्या त्याच ऑफिसात बसवलं होतं साहेबांनी, खुर्चीही बहुधा तीच. मुकादम बाकावर, गुडघ्यांवर हात ठेवून. मी सांगितलं की लोड वीतभरावर थांबला नाही, भोंगा झाला नाही, इंजिन एका दमात चढलं. साहेब म्हणाले, तुम्ही भिंतीपलीकडे होतात, दिसलं कसं? मी म्हटलं, दिसलं नाही, ऐकलं. मी हे तुमच्यापुढे आत्ता करून दाखवतो. क्रेन सुरू करायला लावा, मी पाठ फिरवून सांगतो थांबली की नाही. त्यांनी खरोखर दुसऱ्या दिवशीची वाट न बघता ते करवलं, छापखान्याच्या मालकाची छोटी क्रेन होती तिच्यावर. पुन्हा पुन्हा. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि सांगत गेलो. चुकलो असतो तर बरं झालं असतं, असं मधे एकदा वाटून गेलं. चुकलो नाही.

मग साहेबांनी पेन खाली ठेवलं. "सख्खा भाऊ ना तुमचा?"

"हो."

"घाई कशाची होती त्याला?"

मी म्हटलं, माहीत नाही. त्या खोलीत तेवढंच एक खोटं बोललो, आणि तेच सगळ्यात सहज बोललो. यानंतर मदतनिसांनाही आठवायला लागलं. एकानं तर मूठ पाहिली होती म्हणे. चला, मालकाची जीभ हलली की टोळीचे डोळे उघडतात.

मुकादम सुटले. बाहेर येऊन माझ्याजवळ उभे राहिले. रिक्षात बसताना एवढंच म्हणाले की ते पोर माझ्या हाताखाली तयार झालं होतं. 'होतं' म्हणाले. तेवढं ऐकायला मला कान नसते तरी चाललं असतं.

घरी आलो. बारकीला समोर बसवून सांगितलं, तुझ्या बाबांविरुद्ध मी बोललोय, आता त्यांना शोधतील. ती पायाच्या अंगठ्यानं फरशीवर रेघ ओढत होती. मी वाट बघितली. इतका वेळ मी कुठल्याही लोडखाली कान देऊन उभा राहिलेलो नाही.

मग तिनं विचारलं, "घाई का केली, ते विचारलं का त्यांनी?"

"विचारलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"माहीत नाही म्हणालो."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीच मधल्या सुट्टीत फोन केला होता. म्हटलं, या वेळी उशीर केलात तर मी तुमच्याशी कधीच बोलणार नाही."

धाकट्या, एवढे दिवस ती गप्प होती ते आम्हाला वाटलं बापाच्या आठवणीनं. मी तिच्यापासून जे लपवत होतो ते ती माझ्यापासून लपवत होती. एका घरात, एका ताटाशी. वहिनीनं तिला जवळ ओढलं, पण ती लाकडासारखी ताठ. मी म्हटलं, बाळ, पोर बापाला लवकर या म्हणणारच. थांबायचं काम तुझं नव्हतं, केबिनमध्ये बसलेल्याचं होतं. मान हलवली तिनं. पटलं म्हणून हलवली की मी गप्प बसावं म्हणून, सांगता येत नाही.

बाईंना तिनं तो शब्द लिहून कधीच देऊन टाकला होता. शाबासकी मिळाली म्हणे. बाकी सगळ्या अर्थांची वाक्यं केली होती, मुकादमांचा शेवटचा, खांदा बदलण्याचा, तेवढा लिहिलाच नाही. का, ते मी विचारलं नाही.

दादा

शुक्रवार, १० एप्रिल

धाकट्या,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तुला शोधणारी माणसं तिथे पोचलेली असतील किंवा तू आणखी लांब गेलेला असशील. तरी लिहितो.

काल दुपारी तुझा फोन आला तेव्हा बारकी शेडमध्ये होती. शाळेतून थेट इकडे येते ती आता, मी कुठे जात नाही ना हे बघायला आल्यासारखी. रिंग वाजल्यावर माझ्याआधी तिनं उचलला. हॅलो म्हणाली नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं. जवळ जाऊन रिसीव्हरच्या मागच्या बाजूला कान लावला.

मागे इंजिन चढलं. खाली आलं. शांतता.

ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी लवकर या म्हणाले होते. आता सावकाश या. पण या."

श्वास ऐकू येत होता, तिचा की तुझा ते कळेना. आणि शांतता लांबत गेली. भोंगा होईना. कुठल्याही टोळीला एवढं थांबवत नाहीत, लोड वीतभर लटकत ठेवून. मग लांबून कोणीतरी हाक मारली, "ओ मुकादम, हात दाखवा की!"

बारकीनं माझ्याकडे बघितलं. तिनंही ऐकलं होतं, तिथे तुला काय म्हणतात ते.

त्या नावाचा माणूस इथे अर्धं दार लावून बसलाय, अजूनही. हसऱ्याची बायको परवा त्यांच्याकडे गेली, दारातच उभी राहिली, आत गेली नाही. दोघं काय बोलले कोणाला माहीत नाही. दार मात्र तसंच आहे.

फोन तूच ठेवलास की कोणी काढून घेतला? आम्ही दोघं रिसीव्हर धरून तसेच उभे होतो. भोंगा शेवटपर्यंत ऐकू आला नाही.

दादा